लिख्टेनबर्गच्या भिंतीवरची तीन झाडं

गडावर पोचलं की आधी फोटो नाही, आधी भिंत. चिऱ्यांच्या सांध्यात काही उगवलेलं दिसलं की ते मुळासकट उपटायचं, पोत्यात भरायचं आणि पोतं पाठीवर घेऊन खाली उतरायचं. पिंपळाचं बोटभर रोप आज सोडलं तर उद्या अख्खा बुरूज दरीत जातो. हे मला पुण्यातल्या ज्या मोहीमवाल्यांनी शिकवलं त्यांच्यासाठी हा लेख आहे. ज्यांना नेदरलँड्स म्हणजे ट्यूलिप आणि पवनचक्क्या वाटतात त्यांनीही वाचावा. मी तिथल्या एका पडक्या किल्ल्यावर गेले आणि तिथेही हेच केलं.

माझी ओळख थोडक्यात सांगते. मी युट्रेख्टला शिकते. त्याआधी पुण्यात टेकड्या वाचवण्यासाठी पत्रकं लिहायचे आणि चौकात उभी राहून वाटायचे. आमच्या पत्रकाची पद्धत ठरलेली होती. पहिलं वाक्य आरोपाचं, शेवटचं मागणीचं, आणि खाली कुणा एकाचं नाव कधीच नाही. 'समस्त जागरूक नागरिक.' एकाचं नाव आलं की बिल्डरचा माणूस त्याच्याच दारात येतो, म्हणून. नियम चांगला आहे. पण त्याची सवय लागते.

या सहलीत माझ्याबरोबर दादा होता. दादा म्हणजे माझा मावसभाऊ. आइंडहोवनला एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत आहे. त्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, का ते पुढे कळेल. त्याच्या कंपनीत माणसं कमी करायचं चाललं होतं. त्याचा इथे राहायचा परवाना नोकरीला बांधलेला. नोकरी गेली की तीन महिन्यांत दुसरी शोधायची, नाहीतर बाडबिस्तरा गुंडाळायचा. म्हणून त्याने इथल्या नागरिकत्वासाठी अर्ज केला होता आणि निर्णय कधीही येणार होता. अर्जाबरोबर त्याने लिहून दिलं होतं की माझ्या नावावर कुठलाही गुन्हा नाही. मध्येच एखादा जडला तर अर्ज गेला, आणि परत करायला काही वर्षं थांबायचं. त्यामुळे गेले चार महिने दादा काचेच्या दुकानात वावरल्यासारखा जगत होता.

पायथा

एप्रिलमधला शनिवार होता. मास्ट्रिख्ट स्टेशनवरून नदी ओलांडून आम्ही दक्षिणेकडे निघालो. रस्ता पूर्ण रिकामा होता. गाडी नाही, सायकल नाही, कुत्रं नाही. तरी दादा सिग्नलचा हिरवा माणूस दिसेपर्यंत उभा.

"दादा, पुण्यात तू लक्ष्मी रोडवर स्कूटर उलटी घालायचास."

"तेव्हा मला कुणी बघत नव्हतं," तो म्हणाला.

"आता कोण बघतंय?"

"तेच तर कळत नाही ना, छोटे."

हा देश पोळपाटासारखा सपाट. दक्षिणेच्या या टोकाला मात्र एक डोंगर आहे, सिंट पीटर. डोंगर ते म्हणतात, आपण टेकाड म्हणू. आतला दगड पिवळसर आणि इतका मऊ की खरवसासारखा कापता येतो. शेकडो वर्षं माणसांनी तो करवतीने कापला, घरं बांधली, डोंगर आतून पोकळ केला. मग सिमेंटसाठी वरून खणायला लागले. शेतांमधली खोलगट वाट चढून आम्ही वर आलो आणि समोरचा डोंगर नव्हताच. डोंगराच्या जागी प्रचंड खड्डा, पांढरे कापलेले कडे आणि तळाशी हिरवंनिळं पाणी. लोक कठड्याला टेकून "किती सुंदर" म्हणत होते. माझं डोकं फिरलं. चोरी झालेल्या घरात जाऊन रिकाम्या कपाटाचं कौतुक करावं तसं ते.

"खाण बंद झालीये आता," दादा म्हणाला. "जंगलाला परत देतायत."

"गिळून झाल्यावर ताट परत देतायत."

"तू पत्रक बोलू नकोस ना गं. फिरायला आलोय."

भिंत

खड्ड्याच्या कडेलाच लिख्टेनबर्गचा किल्ला. किल्ला कसला, एका बुरुजाचा उरलेला सांगाडा. शेजारी जुनं शेतघर आहे, तिथे कॉफी आणि 'फ्रूट पाय', म्हणजे फळं भरलेला गोड केक, मिळतो. परतताना खाऊ असं दादा म्हणाला. वहिनीने दिलेली थालीपीठं पिशवीत होती, ती केल्टिक गढीवर खायची ठरली होती. ती गढी म्हणजे रोमन यायच्या आधी इथे राहणाऱ्या लोकांची. डोंगराच्या दुसऱ्या टोकाला, पाऊण तासावर, आणि गंमत म्हणजे सरहद्दीपलीकडे बेल्जियममध्ये.

किल्ल्याजवळ पाटी होती. वाटेवरून चला, काहीही तोडू नका. मी ती वाचली. जळगावच्या केळीवाल्याने 'दाबून बघू नये' लिहिलेलं वाचावं तशी वाचली.

भिंतीपाशी गेले आणि माझे हात शिवशिवायला लागले. पिवळा दगड, मधे गारगोटीचे काळे तुकडे, आणि सांध्यासांध्यात हिरवळ. लहान लहान नेचे. आणि वर, माझ्या हाताच्या टप्प्याबाहेर, पिवळ्या फुलांचं एक झुडूप. एवढा श्रीमंत देश आणि भिंतीवर झाडं! मी पिशवीतून जुनं पोतं काढलं. होय, मी पोतं घेऊन गेले होते. गडावर जाताना पोतं घेतल्याशिवाय मला निघताच येत नाही.

"नको," दादा म्हणाला.

मी एक नेचा उपटला, मग दुसरा.

"छोटे, ठेव ते. पाटी वाचलीस ना?"

"पाटी पर्यटकांसाठी आहे. ही भिंत पडली म्हणजे तुझी पाटी काय करणार? ते वरचं काढ, तू उंच आहेस."

"वेडी आहेस का?"

"राजगडावर मला खांद्यावर घेऊन कोण काढायला लावायचं? मी काढत नव्हते तर म्हणायचास, नुसतं जय म्हणून बुरूज उभा राहत नाही."

हे लागलं त्याला. मला पहिल्यांदा मोहिमेला नेणारा दादाच होता. त्याने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, सायकल वळवताना पाहतो तसं. मग हात वर करून बुंध्याशी दोन बोटं घातली, हलकं पिळलं आणि ओढलं. मुळं अख्खी आली, मातीसकट.

"बघ," तो म्हणाला, "हात विसरला नाही."

या देशात मी त्याला इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं. ते साधारण तीन सेकंद टिकलं.

खालून आरोळी आली. सत्तरीची बाई, गळ्यात भिंग, हातात पुठ्ठ्याला चिमट्याने लावलेला कागद. तिने आधी फोन वर करून फोटो काढला, मग चढून आमच्यापर्यंत आली. आधी पुरावा, मग प्रश्न. ही बाई कधीकाळी आंदोलनात होती, हे मला तिथेच कळायला हवं होतं.

दादाच्या हातात पिवळी फुलं तशीच होती.

"काय चाललंय?" तिने डचमध्ये विचारलं. तेवढं डच मला समजतं.

दादाने डचमध्ये सांगायला सुरुवात केली. आमच्याकडे किल्ले आहेत, झाडांची मुळं भिंती फोडतात, आम्ही लहानपणापासून भिंती वाचवतो.

"कुणापासून वाचवताय?" ती म्हणाली.

दादाने हातातलं झुडूप दगडावर ठेवलं.

मग ती बोलली ते त्याने मला थांबून थांबून सांगितलं. या झाडांची मुळं बोटभरसुद्धा आत जात नाहीत. चुन्यावर जगतात. भिंतीला इतकी वर्षं त्यांनी काही केलेलं नाही. ही बाई दर वसंतात एकेक झाड मोजते.

मला मुद्दा पटला होता. पण पटलं म्हणजे गप्प बसायचं, हे मला कुणी शिकवलेलं नाही. मी इंग्रजीत सुरू केलं. खड्ड्याकडे बोट दाखवलं. "तीन रोपटी काढली तर फोटो काढता? हा अख्खा डोंगर खाल्ला तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"फाटकावर," ती इंग्रजीत म्हणाली. "ट्रकच्या समोर बसले होते. तुझा जन्म झाला नसेल." आवाज जराही चढला नाही. "डोंगर वाचला नाही. म्हणून भिंत मोजते. रोपं कुठे आहेत? एक याच्या हातात होतं. बाकीची?"

दादाने ठेवलेलं झुडूप मी एव्हाना पोत्यात सरकवलं होतं आणि पोतं पिशवीत. पुरावा समोर ठेवायचा नाही, ही माझी दुसरी सवय.

"फेकली," मी म्हणाले. "खाली, खाणीत. सगळीच."

पुण्यात वाढलेल्या मुलीला कुणी तोंडावर फटकळ बोललं की घरची आठवण येते. या बाईने मात्र नुसता कागद उलटा केला. ते फार वाईट होतं. "नाव? वनरक्षकाला कळवावं लागेल."

मी दगडाकडे बघत राहिले.

दादाने नाव सांगितलं. आडनाव एकेक अक्षर करून सांगितलं, कारण इथे कुणालाच ते एकदम लिहिता येत नाही. फोन नंबर दिला. तिनेही आपलं नाव आणि नंबर दिला. रिआ.

"आणि ही?"

"बहीण आहे," दादा म्हणाला. "लहान आहे."

मी चोवीस वर्षांची आहे. मी पिशवी खांद्याला अडकवली.

खंदक

पुढची वाट गर्द झाडीतून जाते. एका बाजूला खाण, दुसऱ्या बाजूला खाली नदी. जमिनीवर पांढऱ्या फुलांचा सडा, लसणासारखा वास. मला यातलं काही दिसत नव्हतं.

"खरं नाव कशाला दिलंस?" मी म्हणाले. "काहीतरी ठोकून द्यायचं."

"फोटो आहे तिच्याकडे."

"फोटोत नाव लिहिलेलं असतं का?"

"छोटे, तोंड बंद ठेव. प्लीज."

तो पुढे चालला होता. फोन खिशातून काढायचा, बघायचा, ठेवायचा. सरहद्दीचा दगड लागला, गुडघ्याएवढा, शेवाळलेला. पहारेकरी नाही, तार नाही. दुसऱ्या कुठल्या दिवशी मी त्या दगडावर एक पाय इकडे एक तिकडे टाकून नाचले असते. दादाचा फोन वाजला आणि तो दचकून थांबला. बेल्जियमच्या नेटवर्कने स्वागताचा मेसेज पाठवला होता.

"इथे वनरक्षकाचा फोन लागेल ना मला?" त्याने विचारलं.

"नाही लागला तर चांगलंच की."

"चांगलं? मी पळालो असं होईल!"

गढी कधी लागली ते कळलंच नाही. तट नाही, दरवाजा नाही, चिरा नाही. बीच जातीची उंच झाडं आणि जमीन एकदम खाली गेलेली, मग वर. दादाच्या पायांना आधी कळलं. तो खाली उतरला, वर चढला, वळून पाहिलं. "खंदक आहे हा," तो म्हणाला. "आणि आपण तटावर उभे आहोत."

मातीचा आणि लाकडाचा तट. लाकूड कधीच कुजलं, माती राहिली. कुणी म्हणतं इथेच त्या लोकांनी रोमन सैन्याला फसवून बाहेर काढलं आणि दरीत कापलं. कुणी म्हणतं ते दुसरीकडेच. तटाच्या अगदी माथ्यावर एक जुना बीच होता आणि त्याच्या मुळांनी ती माती दोन्ही बाजूंनी मुठीत धरली होती. आपल्याकडे असतं तर मोहिमेच्या पहिल्या दिवशी त्याला दोरी लावली असती. ही मुळं काढली तर दोन हजार वर्षांची गढी दोन पावसांत नदीत जाईल. हे कुणी सांगावं लागलं नाही. मी त्यावरच बसले होते.

थालीपीठं काढायला पिशवी उघडली. पोतं वर आलं. तोंड नीट बांधलं नव्हतं. पिवळी फुलं बाहेर आली.

दादाने फुलांकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"खाणीत फेकलीस ना?"

"तिच्या हातात कशाला द्यायची? पुरावा..."

"ती बाई रोपं मागत होती. पुरावा तिच्या फोनमध्ये होता." त्याचा आवाज बारीक झाला होता. "तुला कळतंय का, छोटे? आता मी झाड तोडलं, वर खोटं बोललो."

"खोटं मी बोलले."

"नाव कुणाचं दिलंय?"

मला एकच काम येतं. मी थालीपीठांखालचा कागद उलटा केला, पेन काढलं आणि इंग्रजीत निवेदन लिहिलं. रोपं काढण्याची कल्पना त्याची नव्हती, त्याला भरीस घातलं गेलं, याची नोंद घ्यावी. चार ओळींत झालं. चांगलं झालं. दादाने वाचलं आणि कागद माझ्यापुढे धरला.

"खाली काय लिहिलंयस हे? 'आम्ही, संबंधित पर्यटक'?" तो हसला, पण ते हसणं नव्हतं. "आम्ही म्हणजे कोण गं? मी आणि अजून कोण?"

मी कागद घ्यायला हात पुढे केला, तोवर त्याने फोन लावला होता. रिआला, स्वतःहून. काय बोलला ते सगळं मला कळलं नाही, पण 'खोटं' हा शब्द कळला. पलीकडून दोनच वाक्यं आली.

"मुळं सुकायच्या आत घेऊन या म्हणतेय," दादा म्हणाला. "पळ."

वहिनीने थालीपीठं ज्या पंच्यात बांधली होती तो मी बाटलीतल्या पाण्यात भिजवला, तिन्ही रोपं गुंडाळली आणि छातीशी धरून पळाले. थालीपीठं गढीवरच राहिली. केल्टिक लोकांनी खाल्ली असतील.

रिआ भिंतीपाशीच होती. तिने मुळं भिंगातून पाहिली. "मुळासकट काढायला कुणी शिकवलं?"

"याने," मी म्हणाले.

"एवढंच बरं केलंत."

ओला चुना आणि माती यांचा लगदा तिने एका डबीत कालवून ठेवला होता. कोणतं रोप कुठून काढलं ते आम्हीच दाखवलं. फुलांचं झुडूप दादाने हात वर करून सांध्यात बसवलं, दोन बोटांनी, काढलं होतं तसंच. काढायला एक क्षण लागला होता. बसवायला अर्धा तास लागला.

मग रिआने सांगितलं. भिंतीतलं झाड उपटून पुन्हा लावलं तर बहुतेक मरतं. दोन आठवड्यांनी तिची मोजणी आहे. तोपर्यंत ती वनरक्षकाला कळवणार नाही. झाड जिवंत असेल तर कळवण्यासारखं काही उरत नाही. मेलं असेल तर कळवेल, फोटोसकट. "मी तक्ता खोटा भरत नाही," ती म्हणाली. दयामाया नाही, धमकी नाही. दुकान कधी उघडतं हे सांगावं तसं.

मोजणी

नेमका तो पंधरवडा कोरडा गेला. या देशात! एरवी उठता बसता रिपरिप, आणि तेव्हा आभाळ कसं धुतल्यासारखं. आइंडहोवनहून मास्ट्रिख्ट तासाभरावर. दादा ऑफिस सुटलं की ट्रेनने जायचा, डोंगर चढायचा, शेतघराच्या नळावर बाटली भरायचा आणि भिंतीवर थेंब थेंब पाणी सोडायचा. एक दिवसाआड तो, मधल्या दिवशी मी. आयुष्यभर ज्याला तण म्हटलं त्याच्या पानाची कड जरा तपकिरी झाली की नळाकडे आणखी एक खेप व्हायची. रोज संध्याकाळी आमचा एकच संवाद.

"फूल?"

"गळलं. पण पानं ताठ आहेत."

"खालचे दोन?"

"एक बरा. एकाचं काही खरं नाही."

ज्याचं काही खरं नव्हतं, तो मी पहिल्यांदा उपटलेला नेचा. तो तेराव्या दिवशी हातात आला, कुरकुरीत.

मोजणीच्या दिवशी रिआ भिंतीच्या डाव्या टोकापासून सुरू करून उजवीकडे आली. आम्ही मागे. ती बोटाने दाखवायची, पुटपुटायची, लिहायची. आमच्या तीन जागांपाशी थांबली. पिवळ्या झुडपाला नवी पालवी होती. एक नेचा हिरवा. एका सांध्यात नुसता लगदा.

"एक कमी," ती म्हणाली आणि दादाकडे वळली. "मला कळवावं लागेल."

"ठीक आहे," दादा म्हणाला. चेहरा पांढराफटक. वाद नाही, विनवणी नाही.

मी पुढे झाले. माझं डच दुकानात ब्रेड मागण्यापुरतं. "त्याचं नाही," मी म्हणाले. "माझं. मी काढलं."

"छोटे, गप्प..."

"त्याचं वरचं आहे. ते जिवंत आहे."

रिआने फोन काढून जुना फोटो पाहिला. "यात तुझा हात नाही."

"मग आत्ता काढा."

वाळलेला नेचा मी रुमालात बांधून आणला होता. तो हातात धरला आणि त्या रिकाम्या सांध्याशेजारी उभी राहिले, सरळ, कॅमेऱ्याकडे बघत. आंदोलनात माझे खूप फोटो निघालेत. त्यात माझ्यासमोर कायम एक फलक असायचा.

तिने फोटो काढला. कागद उलटा केला. "नाव?"

मी सांगितलं. एकेक अक्षर करून.

तिने लिहिलं, मग दादाकडे पाहिलं. "तुमचं झाड जिवंत आहे. तुमच्याबद्दल कळवण्यासारखं काही नाही." आणि उजवीकडे मोजत निघून गेली. दादा शेतघराच्या बाकावर जाऊन बसला आणि त्याने एकट्याने दोघांच्या वाटणीचा फ्रूट पाय खाल्ला. जर्दाळूचा होता. मला विचारलंसुद्धा नाही.

मला युट्रेख्टच्या पत्त्यावर पत्र आलं. ताकीद. पुन्हा असं झालं तर कारवाई होईल. माझ्या परवान्याच्या पुढच्या नूतनीकरणात ते निघेल की नाही, मला माहीत नाही. आजवर शेकडो कागद लिहिले, पण कागदाच्या डोक्यावर माझं नाव पहिल्यांदाच पाहिलं. अचूक लिहिलेलं होतं.

दादाचा अर्ज उन्हाळ्यात मंजूर झाला. शनिवारी तो अजून बाटली घेऊन भिंतीवर जातो. आता गरज नाही असं रिआने त्याला दोनदा सांगितलंय.

मोहिमेतल्या मंडळींनो, पुढच्या गडावर उपटायच्या आधी ते काय आहे ते बघा. पिंपळ असेल तर सोडू नका. नसेल तर आधी माहीतगाराला विचारा. ही मागणी आहे, आणि पद्धतीप्रमाणे शेवटी आली आहे. खाली मात्र समस्त कुणी नाही.

शर्वरी